जुनी गॅसबत्ती: ओळख, दुरुस्ती आणि पुन्हा पेटवणं – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माळ्यावर सापडलेली, जुन्या बाजारातून उचललेली किंवा आजोळच्या वाटणीत पदरी पडलेली रॉकेलची बत्ती हातात आली की दोनच गोष्टी विचारल्या जातात: किती जुनी आहे आणि चकाचक कशी करायची. मी दोन्ही प्रश्न थोडे मागे ठेवतो. बत्ती ही आधी दाबाखाली रॉकेल धरणारी टाकी आहे, मग दिवा आणि सगळ्यात शेवटी शोभेची वस्तू. खालची उत्तरं याच क्रमाने विचार करून लिहिली आहेत.

नाव गॅसबत्ती, पण आत गॅस कुठे असतो?

टाकीत रॉकेलच असतं, गॅस वर तयार होतो. पंपाने हवा भरली की रॉकेल दाबाने उभ्या नळीतून, म्हणजे जनरेटरमधून वर चढतं. ही नळी मेंटलच्या, म्हणजे उजेड देणाऱ्या जाळीच्या पिशवीच्या शेजारून जाते, त्यामुळे ती तापलेली असते आणि आतल्या रॉकेलची वाफ होते. ती वाफ नळीच्या टोकाला बसवलेल्या निपलच्या केसाएवढ्या भोकातून जोरात बाहेर पडते, वाटेत हवा ओढून घेते आणि हे मिश्रण चिनी मातीच्या नोझलमधून मेंटलमध्ये उतरून जळतं. एकदा पेटल्यावर बत्ती स्वतःच्याच उष्णतेवर स्वतःचं इंधन शिजवत राहते. पेटवण्याआधी स्पिरिट जाळावं लागतं ते याचसाठी. पहिली उष्णता बाहेरून द्यावी लागते.

उजेड ज्योतीचा नसतो, मेंटलचा असतो. ऑस्ट्रियाचा रसायनशास्त्रज्ञ कार्ल आउअर फॉन वेल्सबाख याने १८८५ मध्ये मेंटलचं पेटंट घेतलं, पण त्याचा पहिला मेंटल हिरवट उजेड द्यायचा आणि पटकन तुटायचा. १८९१ मध्ये त्याला खरं मिश्रण सापडलं: ९९ टक्के थोरियम ऑक्साइड आणि एक टक्का सेरियम ऑक्साइड. या थोरियमचा एक धागा आपल्याकडे येतो. १९०९ मध्ये शोम्बर्ग नावाच्या जर्मन रसायनतज्ज्ञाला त्रावणकोरहून आलेल्या काथ्याला चिकटलेल्या वाळूत मोनाझाइट हे थोरियम असलेलं खनिज सापडलं आणि मनवलकुरिचीच्या किनाऱ्यावरची वाळू मेंटलसाठी युरोपात जाऊ लागली. वरातीत बत्ती डोक्यावर घेऊन चालणाऱ्या माणसाला काय ठाऊक, की तो उजेड दक्षिणेच्या वाळूतून जर्मनीला जाऊन परत आलेला असू शकतो!

आमच्याकडची बत्ती पेट्रोमॅक्सच आहे ना?

बहुधा नाही. आपल्याकडे हे नाव सगळ्याच बत्त्यांना चिकटलं. खरी पेट्रोमॅक्स बर्लिनच्या एरिश अँड ग्रेट्झ कंपनीची. १९१० च्या सुमारास माक्स ग्रेट्झ याच्या पुढाकाराने ती तयार झाली आणि नावातला ‘मॅक्स’ त्याचाच. पुढे तिच्या नकला जगभर झाल्या. काही परवान्याने, बऱ्याचशा बिनपरवान्याने.

आधी घराणं ओळखा, नाव नंतर. काच काढून आत बघा. जनरेटरची नळी मेंटलच्या बाजूने वर जाऊन माथ्यावर वळत असेल, मेंटल खाली तोंड करून लटकत असेल आणि टाकीच्या वरच्या गळ्यापाशी एक छोटं चक्र किंवा मूठ असेल, जी फिरवली की आतली पिन वर-खाली होते, तर ती पेट्रोमॅक्सच्या घराण्यातली. स्वीडनच्या ऑप्टिमस, रेडियस आणि प्रायमस, लाइपझिगची हासाग, ऑस्ट्रेलियाची ऑस्ट्रामॅक्स, पूर्वेकडून आलेल्या बटरफ्लाय आणि अँकर यांचा ढाचा थोड्याफार फरकाने हाच. आपल्याकडे बनलेल्या बत्त्याही जवळपास सगळ्या याच घराण्यातल्या.

जनरेटर सरळ काठीसारखा मधोमध उभा असेल आणि मेंटल त्याच्याभोवती असेल, म्हणजे नळी मेंटलच्या पोटातून जात असेल, तर ती इंग्रजी घराण्यातली: टिली, बायअलॅडिन किंवा व्हेपालक्स. टिलीची सगळ्यात जास्त दिसणारी बत्ती म्हणजे एक्स २४६. हिच्यात स्पिरिटची वाटी नसते. स्पिरिटमध्ये बुडवलेला चिमटा जनरेटरला लावून पेटवतात. तो चिमटा नेमका हरवलेला असतो, म्हणून लोकांना वाटतं बत्तीच अपुरी आहे.

तिसरं घराणं अमेरिकन कोलमनचं, आणि इथे जपून. कोलमनच्या बऱ्याच बत्त्या पेट्रोलच्या जातीच्या इंधनावर चालतात, रॉकेलवर नाही. त्यात रॉकेल भरलं तर नुसता धूर होतो. उलट रॉकेलच्या बत्तीत पेट्रोल भरलं तर स्फोट होऊ शकतो. टाकीवर काय लिहिलं आहे ते वाचल्याशिवाय कुठलंच इंधन ओतू नका.

घराणं ठरलं की छाप शोधा. टाकीच्या बाजूला, टाकीच्या बुडाला, पंपाच्या टोपीवर आणि वरच्या झाकणावर. खऱ्या पेट्रोमॅक्सवर नाव ठसठशीत उमटलेलं असतं आणि बहुधा आकडाही असतो: ८२९ म्हणजे ५०० कँडलपॉवरची (कँडलपॉवर हे उजेडाचं जुनं माप), ८२८ म्हणजे ३५० ची. जर्मन बत्त्यांवर ‘एचके’ अशी अक्षरं दिसली तर तो हेफ्नरकेर्झे या जुन्या जर्मन मापाचा उल्लेख आहे. नाव तेच पण अक्षरांची ठेवण वेडीवाकडी, ठसा उथळ, किंवा पत्र्याची पट्टी नंतर डाग देऊन (सोल्डरने) चिकटवलेली दिसली तर शंका घ्या.

एक मात्र सांगतो. बत्ती जर्मन नाही म्हणून तिला कमी लेखू नका. देशी बत्त्यांनी जत्रा, तमाशाचे फड, दशावतार आणि किती तरी लग्नं उजळली आहेत. मंडपवाल्याचं नाव छिन्नीने कोरलेली बत्ती मला कोऱ्या जर्मन बत्तीपेक्षा जास्त बोलकी वाटते. ते कोरलेलं नाव घासून काढायला सांगणारी मंडळी भेटतात, त्यांना मी सरळ नाही म्हणतो.

साल कसं काढायचं?

नेमकं साल क्वचितच निघतं, पण काळ ठरवता येतो. छापात ‘वेस्टर्न जर्मनी’ किंवा ‘वेस्ट जर्मनी’ असेल तर बत्ती १९४९ नंतरची आणि १९९० आधीची. दुसऱ्या महायुद्धानंतर ग्रेट्झचं काम पश्चिम जर्मनीतल्या आल्टेना गावी गेलं, तिथे रेडिओ आणि टीव्हीही बनत. नुसतं ‘जर्मनी’ असेल तर ती युद्धाआधीची असायची शक्यता वाढते, पण एवढ्या एका पुराव्यावर पैज लावू नका. टाकी लोखंडी पत्र्याची आणि रंगवलेली असेल, बाकी घाट जुना असेल, तर ती युद्धकाळातली असू शकते, कारण तेव्हा पितळ दारूगोळ्याकडे वळवलेलं होतं. हासागचा इतिहास याच काळात काळा आहे. बत्त्या बनवणारी ही कंपनी दारूगोळा बनवू लागली आणि छळछावण्यांतल्या कैद्यांना मरेपर्यंत राबवू लागली. संग्रहात हासाग ठेवणाऱ्याला हे माहीत असावं.

प्रायमसने १९११ पासून आपल्या मालावर वर्षाची अक्षरं छापायला सुरुवात केली, पहिलं अक्षर ‘ए’. कोलमनच्या बऱ्याच बत्त्यांच्या बुडाला महिना आणि वर्ष यांचे आकडे असतात. काचेवर येनाच्या शॉट कारखान्याची खूण असली तर काच चांगल्या घराण्यातली, पण काचा बदलल्या जातात, म्हणून काचेवरून बत्तीचं वय काढू नका.

प्रभाकर कंदील यात येतो का?

नाही. कराडजवळच्या ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील हा वातीचा. त्यात ना दाब, ना पंप, ना मेंटल. त्याची दुरुस्ती वेगळी आणि बरीच सोपी.

टाकी पितळी आहे की लोखंडी, हे निकेलखाली कसं कळणार?

लोहचुंबक लावा, पण साधा. फ्रिजवर चिकटवायचा असतो तसला पुरे. निकेल हा धातू स्वतःही चुंबकाला ओढला जातो, त्यामुळे जबरदस्त ताकदीचा चुंबक घेतलात तर पितळी टाकीवरच्या मुलाम्यालाही तो हलकासा ओढ घेतो आणि तुम्ही फसता. साधा चुंबक घट्ट चिकटला तर लोखंड. नाही चिकटला तर टाकीच्या बुडाशी, जिथे निकेल झिजलेलं असतं तिथे, पिवळा रंग दिसतो का बघा. लोखंडी टाकी आतून गंजलेली असण्याचा धोका मोठा. पितळी टाकीचा धोका वेगळा, त्याबद्दल पुढे.

बाजारात घेताना काय तपासू?

मुंबईचा चोरबाजार असो, पुण्याचा जुना बाजार असो की गावचा भंगारवाला, विकणारा सांगेल ‘चालू आहे’. त्याच्याकडे स्पिरिट नसतं, मेंटल नसतो, त्यामुळे तो दाखवणार काहीच नाही. तुम्हीच बघा.

टाकी उलटी करा. पोचे चालतील, चीर चालणार नाही. वरचं झाकण आणि पंपाचा गळा यांच्याभोवती जुना डाग, एम-सील किंवा चिकटपट्टी दिसली तर टाकी गळते हे विकणाऱ्याने लिहून दिल्यासारखंच आहे. पंप ओढून दाबा, अजिबात अडत नसेल तर चामडं वाळलंय, आणि तो काही मोठा दोष नाही. चक्र फिरतं का बघा. काच, मेंटल, वॉशर यांची काळजी करू नका, ते मिळतात. चिनी मातीचं नोझलही मिळतं. मिळत नाहीत ते टाकीचे आटे. झाकणाचे किंवा जनरेटरच्या बुडाचे आटे गेले असतील तर बत्ती तिथेच ठेवा.

आणखी एक सवय लावा: झाकण उघडून वास घ्या. पेट्रोलचा वास आला तर कुणी तरी प्रयोग केले आहेत.

खोलायला सुरुवात कशी करू?

आधी फोटो. चारही बाजूंनी आणि प्रत्येक पायरीला. मग झाकणावरचा हवेचा स्क्रू सैल करून उरलेला दाब सोडा. वीस वर्षं पडून असलेल्या टाकीत दाब कुठून असणार असं वाटतं, पण विकणाऱ्याने सकाळी गिऱ्हाइकाला पंप मारून दाखवलेला असतो.

टोपी, काच आणि पिंजरा काढला की जनरेटरची पाळी. इथे पक्कड वापरलीत तर नटाचे कोपरे गोल होतील आणि पुढच्या माणसाला काही करता येणार नाही. पेट्रोमॅक्सबरोबर पूर्वी एक चपटा पाना मिळायचा, त्यात बत्तीच्या सगळ्या नटांची मापं असत. तो नसेल तर नीट बसणारा पाना शोधा. आटे जाम असतील तर गंज सोडवणारं तेल लावून रात्रभर ठेवा, दुसऱ्या दिवशी नटाला हेअर ड्रायरची ऊब द्या आणि मग जोर लावा. टाकीला थेट ज्योत देऊ नका. तिचे जोड डागाचे असतात, ते सुटतील, आणि आत राहिलेल्या रॉकेलच्या वाफेचं काय होईल ते सांगायला नको.

टाकी आतून कशी धुवायची आणि गळती कशी शोधायची?

जुनं रॉकेल वाळून मधासारखं चिकट होतं. आधी ताजं रॉकेल घालून हलवा, ओता, पुन्हा घाला. पितळी टाकीत हिरवा कळंक धरला असेल तर पाण्यात लिंबूसत्व मिसळून थोडा वेळ ठेवा आणि भरपूर पाण्याने विसळा. आम्लात रात्रभर ठेवू नका. पितळेतलं जस्त निघून जातं आणि मागे तांबूस, सच्छिद्र ठिपके उरतात. लोखंडी टाकीत गंजाचे पोपडे असतील तर मूठभर स्वच्छ खडी किंवा छोटे नट घालून खळखळवा, सगळे मोजून बाहेर काढा आणि टाकी उन्हात खडखडीत वाळवा.

आता कसोटी. बत्ती पूर्ण जोडा, चक्र बंद ठेवा, रॉकेल न घालता पंपाने थोडी हवा भरा आणि टाकी बादलीत गळ्यापर्यंत बुडवा. दाब दाखवणारं मीटर पाण्यात जाऊ देऊ नका. वरच्या झाकणाला आणि मीटरला साबणाचं पाणी लावा. बुडबुडे कुठून येतात ते नीट बघा. झाकणाशी आले तर वॉशर, जनरेटरच्या बुडाशी आले तर शिशाचा वॉशर किंवा सैल नट. पंपाच्या नळीतून आले तर आतला व्हॉल्व्ह. हे तिन्ही दुरुस्त होतात.

टाकीच्या अंगातूनच बुडबुड्यांची बारीक ओळ आली तर मात्र थांबा. दाबून, ठोकून आकार दिलेल्या पितळेत ताण अडकून राहतो, आणि त्याला अमोनियाची वाफ लागली की पितळ आपोआप तडकतं. हे आपल्याच देशात मोठ्या प्रमाणावर लक्षात आलं. ब्रिटिश लष्कराच्या काडतुसांच्या पितळी पुंगळ्या पावसाळ्यात घोड्यांच्या पागांमध्ये साठवल्या की तडकायच्या. घोड्यांच्या मुतातला अमोनिया हे त्याचं कारण, आणि ते १९२१ मध्ये नीट उलगडलं. गोठ्याच्या माळ्यावर पडून राहिलेल्या बत्तीच्या टाकीला केसाएवढ्या चिरा दिसल्या तर नवल नाही. अशा चिरेवर डाग देऊन बत्ती पेटवणं मला मान्य नाही. एक चीर दिसते तेव्हा न दिसणाऱ्या आणखी असतात. ती बत्ती कपाटात शोभेल, पेटवू नका. आणि याच कारणाने अमोनिया असलेलं पॉलिश टाकीला लावू नका.

पंप मारतो, पण दाब धरत नाही. का?

पंपाच्या दांड्याच्या टोकाला चामड्याची छोटी वाटी असते. वर्षानुवर्षं कोरडी राहिली की ती आखडते, नळीच्या भिंतीला टेकतच नाही. दांडा बाहेर काढा, ती वाटी एरंडेलात किंवा मशीनच्या तेलात बुडवून ठेवा. तासाभराने अंगठ्याने कडा बाहेर पसरवा. मऊ झालेलं चामडं बोटाला लोण्यासारखं लागतं, कडक राहिलं तर कडेला पांढुरक्या भेगा दिसतात. भेगा दिसल्या तर नवी वाटी घाला. बसवताना वाटीचं तोंड टाकीकडे हवं. उलटी बसवली तर हवा मागूनच निसटते, आणि ‘नवीन वॉशर टाकला तरी पंप चालत नाही’ ही तक्रार बहुतेक वेळा इथूनच निघते. खोबरेल वापरू नका, थंडीत गोठतं.

पंपाचा दांडा आपोआप वर येत असेल, किंवा पंपाच्या नळीत रॉकेल साचत असेल, तर नळीच्या तळाचा एकतर्फी व्हॉल्व्ह गेलाय. त्याच्या आत स्प्रिंगवर बसलेली एक रबराची किंवा बुचाची टिकली असते. ती बदलायची. व्हॉल्व्ह खोल बसलेला असतो, त्याला लांब मापाचा पाना लागतो. साध्या स्क्रूड्रायव्हरने खाच खराब केलीत की प्रकरण लेथवाल्याकडे जातं. नवी टिकली रॉकेल सोसणाऱ्या रबराची, म्हणजे नायट्राइल किंवा व्हायटॉनची घ्या. सायकलच्या ट्यूबचा तुकडा रॉकेलमध्ये फुगतो.

जनरेटर आणि निपल साफ कसे करू?

बत्तीचा उजेड पिवळट, उचक्या देणारा झाला की जनरेटरमध्ये कार्बन धरलाय असं समजा. निपल आणि आतली पिनची तार काढून घ्या. नुसती नळी गॅसच्या ज्योतीवर लाल होईपर्यंत तापवा, गार होऊ द्या, लाकडावर हलकेच आपटा. काळी पूड पडते. मग सायकलच्या ब्रेकची जुनी तार आत-बाहेर फिरवा आणि फुंकर घालून हवा आरपार जाते का बघा.

निपलच्या भोकात शिवणाची सुई घालू नका. ते भोक ठरावीक मापाचं असतं. जरा मोठं झालं की वाफ जास्त, हवा कमी, आणि मेंटल काळा. बिघडलेला निपल स्वस्तात बदलतो, तेव्हा त्यावर कलाकुसर कशाला? नवा बसवताना चक्र फिरवून पिन खाली घ्या, निपल आवळा, आणि मग पिन सावकाश वर आणा. पिन वर असताना निपल आवळला की टोक मोडतं. पेट्रोमॅक्सच्या ५०० कँडलपॉवरच्या बत्तीत निपल आणि त्यावरची मिश्रणाची नळी यांच्यात सुमारे १४ मिलिमीटर अंतर लागतं. नकलांमध्ये हे अंतर बऱ्याचदा चुकलेलं असतं, आणि ‘ही बत्ती कधी नीट पेटलीच नाही’ अशा किती तरी बत्त्या एवढ्यावर सुधारतात.

जुन्या पॅकिंगचं काय?

चक्राच्या दांड्याभोवतीची जुनी पांढरट दोरी अ‍ॅस्बेस्टॉसची असू शकते. कोरडी खरवडू नका, फुंकू नका. मास्क लावा, ओली करा, चिमट्याने काढा, पिशवीत बांधा. जागी ग्रॅफाइटची दोरी घाला. शिशाचे वॉशर एकदा दबले की दबले, दर वेळी नवे.

मेंटल बांधायचा कसा, आणि तो किरणोत्सारी असतो हे खरं का?

मेंटल नोझलच्या खाचेत बसवा, दोरी सारखी ओढा, गाठ जनरेटरच्या विरुद्ध बाजूला येऊ द्या आणि शेपटं कापा. घड्या बोटाने सारख्या करा. पेटल्यावर कापड जळून जातं आणि उरते ती राखेची जाळी. ती बोटाच्या स्पर्शाने मोडते, म्हणून मेंटल जाळल्यावर बत्ती आदळू नका. पहिल्यांदा जाळताना बाहेर अंगणात जाळा, तो धूर नाकात नको. मेंटलला भोक पडलं तर लगेच बदला. त्या भोकातून ज्योतीची जीभ निघते आणि काच तडकवते.

किरणोत्साराचं खरं आहे. थोरियमचे मेंटल किंचित किरणोत्सारी असतात. आपल्याकडे इंडियन रेअर अर्थ्स मेंटलवाल्यांसाठी थोरियम नायट्रेट बनवत असे. आता बाहेरच्या अनेक कंपन्या थोरियमऐवजी यिट्रियम वापरतात. बत्तीशेजारी बसल्याने घाबरायचं कारण नाही, अल्फा किरण कागदानेही अडतात. जपायचं ते राखेपासून. मोडलेल्या मेंटलची पूड फुंकून उडवू नका, ओल्या कापडाने टिपा, हात धुवा आणि मुलांना खेळायला देऊ नका.

पेटवायची पद्धत सांगा.

टाकी पाऊण भरा, वर हवेला जागा हवी. चक्र बंद. बहुतेक पेट्रोमॅक्स पद्धतीच्या बत्त्यांत बाण वर म्हणजे बंद. वाटीत स्पिरिट भरून पेटवा आणि ते जवळजवळ संपेपर्यंत थांबा. घाई करणाऱ्याच्याच बत्तीतून पिवळे लोळ निघतात. स्पिरिट विझायच्या बेतात असताना हवेचा स्क्रू आवळा, पाच-दहा पंप मारा, चक्र उघडा. मेंटल धरला की मीटरवरच्या लाल रेघेपर्यंत, म्हणजे सुमारे दोन बारपर्यंत पंप मारा. एक लिटरच्या टाकीवर ५०० कँडलपॉवरची पेट्रोमॅक्स सात-आठ तास चालते, मधे मधे पंप मारावा लागतो.

‘रॅपिड’ प्रकारात स्पिरिटऐवजी बाजूला छोटी फुंकणी असते. आधी टाकीत दाब भरायचा, तिचा खटका उघडून पेटवायची आणि दीडेक मिनिट जनरेटर तापवायचा.

पिवळा लोळ उठला तर गोंधळू नका. हवेचा स्क्रू सोडा, दाब गेला की आग आपोआप बसते. विझवायचीही तशीच. तापलेल्या बत्तीत रॉकेल कधीच भरू नका, आणि पावसाचा थेंब काचेवर पडू देऊ नका.

पेटते, पण नीट चालत नाही.

मेंटलवर काळे डाग: हवा कमी पडतेय. मिश्रणाच्या नळीत कोळ्याचं जाळं किंवा कुंभारमाशीचं घर असतं, ते आधी बघा. उजेड धपापतो: जनरेटरमध्ये कार्बन किंवा रॉकेलमध्ये पाणी. सुरुवातीला झकास, मग मंद: दाब गळतोय किंवा झाकणाचा वॉशर. चक्र एकदा पूर्ण फिरवलं की पिन निपल साफ करते, खोलण्याआधी एवढं करून बघा.

रॉकेल मिळत नाही. दुसरं काय चालेल?

शहरात अवघड आहे, खरं. रेशनवरचं निळं रॉकेल मिळालं तरी ते काजळी जास्त धरतं, भेसळीची शक्यताही असते. फडक्यातून गाळून वापरा. मिळत असेल तर खुल्या बाजारातलं पांढरं रॉकेल घ्या. रंग-सुगंध घातलेलं शोभेच्या दिव्याचं तेल, डिझेल, थिनर, पेट्रोल यांतलं काहीही नको. ‘थोडंसं पेट्रोल मिसळलं की लवकर पेटते’ असा सल्ला गावोगाव ऐकू येतो. तो देणाऱ्याला बत्तीपासून लांब बसवा.

चकाकी कुठवर आणावी?

आधी मूळ रूप कोणतं ते शोधा. काचेच्या पिंजऱ्याखाली किंवा गळ्याच्या आत हात-ऊन न लागलेली जागा असते, तिथे मूळ मुलामा दिसतो. पेट्रोमॅक्स बहुधा निकेल चढवलेली असे. निकेल काढून पितळ झळकवण्याची सध्या फॅशन आहे. मला ती पसंत नाही. फोटो छान येतात, पण बत्तीचा छाप पुसट होतो आणि पुढे साल काढणाऱ्याच्या हाती काही राहत नाही. कोमट पाणी, भांड्यांचा साबण, जुना टूथब्रश आणि मऊ कापड एवढ्यावर किती तरी बत्त्या उजळतात. पितळ उघडंच असेल तर लिंबू-मीठ किंवा पितांबरी चालेल, पण छापावर घासू नका आणि लगेच धुऊन पुसा. बफिंगच्या चाकावर देणार असाल तर टाकी देऊ नका, पत्रा पातळ होतो. इनॅमलची टोपी फक्त धुवा.

आत एलईडी बसवली तर?

बसवा, पण टाकीला भोक पाडू नका. मेंटलच्या जागी टांगता येईल अशी बॅटरीची एलईडी मिळते. वायर नेण्यासाठी टाकी भोसकलेल्या बत्त्या मी दुरुस्तीला घेत नाही.

घरात लावता येईल?

बंद खोलीत अजिबात नाही. बत्ती प्राणवायू खाते आणि कार्बन मोनॉक्साइड सोडू शकते. अंगण, ओटा, गच्ची ठीक. मांडवाच्या कापडापासून हातभर तरी लांब.

वापरून झाल्यावर ठेवायची कशी?

गार होऊ द्या, दाब सोडा. महिनाभर लागणार नसेल तर रॉकेल काढून टाका. शिशाच्या आणि रबराच्या वॉशरांवर ताण नको म्हणून झाकण आणि हवेचा स्क्रू सैल ठेवा. पावसाळ्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळू नका, आत घाम सुटतो. जुन्या सुती धोतराचा तुकडा उत्तम. पंपाच्या चामड्यावर तेलाचे दोन थेंब सोडा, आणि गोठ्याच्या माळ्यावर मात्र परत ठेवू नका.